हॅवलॉकला स्कूबा शिकायला जाताना

माझी पहिली स्कूबा डाइव्ह जेमतेम वीस मिनिटांची झाली आणि त्यानंतर तीन दिवस उजवा कान ठणकत होता. टूरबरोबर गेलो होतो, तिथल्या कार्यक्रमातच 'स्कूबा' होतं. किनाऱ्यावर घाईघाईत दहा मिनिटं माहिती सांगितली, एका कागदावर सही घेतली, पाठीवर सिलिंडर चढवला आणि नेलं खाली. कान दुखतोय अशी खूण केली तेव्हा प्रशिक्षकाचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. फोटो छान आले. पण पाण्याखाली काय बघितलं असं घरी आईने विचारलं, तर मला धड सांगता येईना.

दोन वर्षांनी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलो ते फक्त कोर्स करायला. आता ओळखीतलं कुणी अंदमानला निघालं की मी एकच सांगतो: सहलीतली दोन ठिकाणं कमी करा, पण हॅवलॉकला चार दिवस राहा आणि शिकूनच या.

तिथे गेल्यावर तुमच्यापुढे दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे अनुभवापुरती डाइव्ह. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, खोली १२ मीटरच्या आत असते आणि अर्ध्या दिवसात सगळं आटोपतं. हातात वेळच नसेल तर ही जरूर करा, मात्र चांगल्या माणसाकडे. दुसरा रस्ता 'ओपन वॉटर' कोर्सचा. साधारण ३ ते ४ दिवस लागतात, समुद्रात किमान ४ डाइव्ह होतात आणि पुढे जगात कुठेही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. हॅवलॉकला बहुतेक ठिकाणी पाडी किंवा एसएसआय या संस्थांचे कोर्स चालतात. नवख्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नाही, त्यावर डोकं शिणवू नका. १० वर्षांच्या मुलांनाही हा कोर्स करता येतो, फक्त त्यांच्यासाठी खोलीची मर्यादा १२ मीटर असते.

आधी बेत कसा आखायचा ते सांगतो, कारण आपले लोक इथेच चुकतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आहे, पण बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात. विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं, तिथून हॅवलॉकला जायच्या बोटीचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा. आणि हे नीट लक्षात घ्या: डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे, कारण दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होण्याची भीती असते. म्हणून सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी ठेवा. आधी हॅवलॉक, मग परत येऊन एक मुक्काम, सावरकरांची कोठडी निवांत उभं राहून बघा आणि दुसऱ्या दिवशी उड्डाण.

पहिल्या सकाळी हातात आरोग्याचा फॉर्म येतो. दमा, हृदय, कान, रक्तदाब, फिट येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सगळं विचारतात. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांचं पत्र लागू शकतं, त्यामुळे हा फॉर्म घरूनच मागवून घ्या आणि गरज असेल तर ते पत्र सोबत न्या. तिथे पोचल्यावर खोटं 'नाही' लिहायचा मोह होतो. तो आवरा. पोहण्याची परीक्षा साधी असते: न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगत राहणं. थिअरी आधीच ऑनलाइन वाचून जाता येते. इंग्रजीचं दडपण असेल तर सोडून द्या. हॅवलॉकला प्रशिक्षक हिंदीत समजावतात आणि ते हिंदी आपल्याला अगदी जवळचं वाटतं.

मी गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. पोहण्याची परीक्षा त्यामुळे सहज झाली, पण त्याच विहिरीची एक सवय आड आली. आपण बुडी मारतो म्हणजे श्वास रोखतो. स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला इजा व्हायला दोन-चार मीटरही पुरतात. हे वाचून पटतं. अंगात मुरायला मला दोन दिवस लागले.

गाडी अडली ती मास्क काढण्यापाशी. किनाऱ्याजवळ छातीएवढ्या पाण्यात, गुडघ्यांवर बसून, मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा आणि नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं. मास्क काढला की गार पाणी डोळ्यांवर आणि नाकावर आदळतं, आणि तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं साधन) असूनही मेंदू ओरडतो की श्वास बंद कर. तीनदा मी ताडकन उभा राहिलो. नाकातोंडात खारं पाणी, डोळे लाल. प्रशिक्षक मूळचा अंदमानातल्याच रंगत गावचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो शांतपणे म्हणाला, "भैया, पहले साँस. मास्क बाद में." मग त्याने मला मास्कशिवाय, फक्त तोंडाने श्वास घेत, पाण्याखाली नुसतं बसवून ठेवलं. मी मनात आकडे मोजत होतो. चाळीसच्या आसपास कधीतरी खांदे सैल पडले. त्यानंतर मास्क लावणं म्हणजे चष्मा लावण्याइतकं सोपं झालं. (मिशा असतील तर मास्कच्या कडेने पाणी झिरपतं. वरून थोड्या कापून घ्या. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा.)

कानाचंही तसंच. आतला-बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखायला लागायच्या आधीच, खाली जायला सुरुवात केल्यापासून, दर मीटरला. दुखलं तर थोडं वर यायचं, परत करायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही, पैसे बुडाले तरी नाही. पहिल्या डाइव्हला माझा कान असाच दुखावला होता, कारण थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी, आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते, सहसा २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप), आणि ५० बार शिल्लक असतानाच वर यायचं असतं. अंगठा वर केला की 'मस्त' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

तिसऱ्या दिवशी बोटीने खऱ्या समुद्रात गेलो. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्या. तिथे उजाडतं पाचच्या आसपास, त्यामुळे दिवस लवकर सुरू होतो. शिवाय पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी खूप आत जातं, म्हणून सगळं वेळापत्रक भरतीकडे बघून ठरतं. शिकणाऱ्यांना सहसा 'अ‍ॅक्वेरियम' किंवा 'लाइटहाऊस'सारख्या उथळ जागी नेतात. 'जॉनीज गॉर्ज' आणि 'डिक्सन्स पिनॅकल' या जागा खोल आहेत, त्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा पुढचा कोर्स केलेल्यांसाठी. त्यांना इथल्या करेन डायव्हर्सची नावं दिलेली आहेत. करेन लोक १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून अंदमानात येऊन वसले.

तिसऱ्या डाइव्हला मी एका खडकापाशी तरंगत थांबलो होतो. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, हातपाय न हलवता. समोर समुद्रफुलात नारिंगी विदूषक माशांची जोडी. मोठी मासळी माझ्या मास्कवर धावून यायची आणि परत फुलात शिरायची. मी बाजूला सरकलो नाही की हातही लावला नाही. पाच मिनिटांनी तिने माझ्याकडे लक्ष देणं सोडलं. आईला सांगण्यासारखं मला त्या दिवशी सापडलं.

तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलेलं दिसेल. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापलं तेव्हा अंदमानच्या प्रवाळाला मोठा फटका बसला. जे जिवंत आहे त्याला पायाचा एक धक्काही पुष्कळ होतो. म्हणूनच पाण्याखाली असं एका जागी तरंगता येणं ही कोर्समधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं माझं मत आहे. फोटोसाठी प्रवाळाला धरायला सांगणारा प्रशिक्षक असेल तर तिथून निघा.

दुकान निवडताना भाव शेवटी विचारा. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील? चारपेक्षा जास्त नकोत. एखादं कौशल्य जमलं नाही तर जादा दिवस देता का, त्याचे पैसे किती? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का? 'तीन दिवसांत नक्की करून देतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'बघू, तुम्हाला किती लागतात' म्हणणारा बरा.

अंदमान खिशाला जड वाटत असेल तर आपल्या तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मोठा पोहण्याचा तलाव आहे, पायाभूत कौशल्यं तिथे उत्तम शिकता येतात. मालवणच्या पाण्यात अंदमानइतकं लांबचं दिसत नाही, पण गढूळ पाण्यात शिकलेला माणूस पुढे कुठे घाबरत नाही. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचाही पर्याय आहे.

काही तरुण मुलं विचारतात, यात नोकरी आहे का? आहे. ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रथमोपचार आणि रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर, म्हणजे डायव्हर्सना पाण्याखाली नेणारा मार्गदर्शक. पाडीकडे त्यासाठी वय १८ पूर्ण आणि नोंदवलेल्या ६० डाइव्ह लागतात, इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेसाठी १००. हॅवलॉकला काही ठिकाणी काम करता करता डाइव्हमास्टर होता येतं: सिलिंडर वाहायचे, बोट धुवायची, पाहुण्यांचे मास्क घासायचे. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद, म्हणजे वर्षातल्या कमाईचे महिने मोजकेच, हे घरी आधी स्पष्ट सांगा. मालवणी मुलांना समुद्र लहानपणापासून कळतो, त्यांनी याचा जरूर विचार करावा. फक्त लॉगबुक पहिल्या डाइव्हपासून नीट भरा: तारीख, जागा, खोली, मिनिटं, सुरुवातीची आणि शेवटची हवा, प्रशिक्षकाची सही. नंतर आठवून भरलेली पानं कुणी धरत नाही.