तोरणमाळ–धडगाव वाटेआधी: कॉइल स्प्रिंग वाटीतच राहील याची तयारी

दसरा झाला, पावसाने उघडीप दिली की आमच्या चार-पाच गाड्यांना शहाद्याहून तोरणमाळ आणि तिथून धडगावचे वेध लागतात. सातपायरी घाटाचा डांबरी रस्ता काही त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो वर गेल्यावर, पाड्यांकडे फुटणाऱ्या वाटांवर. ओहोळाने वाट मध्येच कापलेली असते, एक चाक दगडावर चढतं आणि त्याच वेळी दुसरं खड्ड्यावर अधांतरी लोंबकळतं. स्प्रिंग वाटीतून, म्हणजे ती जिच्यात बसते त्या खोलगट बैठकीतून, निसटते ती नेमकी अशा जागी. म्हणून ही तयारी आठ दिवस आधी करा. माप चुकलेलं निघालं तर माल मागवायला आणि पुन्हा गाडी उघडायला तेवढे दिवस लागतातच.

आधी गाडीखाली आडवे होऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुन्या जिप्सीला कॉइल स्प्रिंगऐवजी कमानपाटे आहेत, जुन्या थारला मागे कमानपाटे आहेत. पाटा यू-बोल्टने अ‍ॅक्सलला आवळलेला असतो, सगळीकडे पाटेच असलेल्या गाडीवाल्यांनी हा मजकूर वाचला नाही तरी चालेल. २०२० नंतरच्या थारला पुढची स्प्रिंग शॉकअपभोवतीच असते, ती सुटी होत नाही. मागची अ‍ॅक्सलवर वेगळी उभी आहे का ते बघा, असेल तर ती तपासायची. जिम्नीला चारही कोपऱ्यांत स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. माझी जिम्नी आहे, त्यामुळे मला चारही बघाव्या लागतात.

कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक गाड्यांत ही स्प्रिंग वरच्या आणि खालच्या वाटीत फक्त बसलेली असते. गाडीचं वजनच तिला जागेवर धरून ठेवतं. चाक लोंबकळलं की वजन जातं. मग अ‍ॅक्सल किती खाली जाईल हे शॉकअपची लांबी ठरवते. कंपनीने ती लांबी अशी ठेवलेली असते की शॉकअप पूर्ण उघडला तरी स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहावी. आपण गाडी उंच करणारं लिफ्ट किट घालतो, चाक जास्त लोंबावं म्हणून लांब शॉकअप लावतो, गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याची लिंक सोडतो, आणि हे गणित मोडतं.

माझ्या गाडीचं ते मोडलं होतं. किट बसवणाऱ्याने लांब शॉकअप घातले, पण स्प्रिंगशी त्यांचं माप जुळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. तोरणमाळच्या पुढे एका ओहोळात मागचं डावं चाक लोंबलं, गाडी वर आली आणि खालून खण्णकन आवाज झाला. उतरून पाहिलं तर गाडी डावीकडे बसलेली, स्प्रिंगचं वरचं टोक वाटीबाहेर तिरकं अडकलेलं आणि ब्रेकचा पाइप तिच्यापासून जेमतेम दोन बोटं. ती बसवायला तीन तास गेले. शहाद्यातल्या एका वयस्क मिस्तरींनी परतल्यावर गाडीखाली एक नजर टाकली आणि म्हणाले, "भाऊ, स्प्रिंग खराब नही शे, शॉकअप लांब शे." तेव्हापासून मी माप घेतल्याशिवाय घाट चढत नाही.

माप असं घ्या. स्प्रिंग बाहेर काढलेली असेल तेव्हा तिची मोकळी लांबी मोजून लिहून ठेवा, डावी-उजवी वेगळी, कारण काही गाड्यांत दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग सारख्या नसतात. मग सपाट फरशीवर, न लोंबणाऱ्या चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावून, चासीखाली भक्कम जॅकस्टँड द्या आणि अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, घाई असली तरी नाही. वरच्या वाटीपासून खालच्या वाटीपर्यंतचं अंतर मोजा. समजा मोकळी स्प्रिंग ४१ सेंटिमीटर आहे आणि वाट्यांमधलं अंतर ४३ आलं, तर दोन सेंटिमीटर स्प्रिंग हवेत आहे. ती आज ना उद्या निघणार. मला हे अंतर मोकळ्या लांबीपेक्षा निदान दोन सेंटिमीटर कमी लागतं. आता एका बाजूचं चाक जॅकने वर दाबा आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा मोजा. हे टाळू नका, कारण अ‍ॅक्सल तिरका झाला की वाटीही तिरकी होते आणि एका कडेने तिचं तोंड उघडतं. सरळ लोंबताना घट्ट असलेली स्प्रिंग इथे सैल सापडते. शेवटी स्प्रिंग दोन्ही हातांनी धरून फिरवून बघा. हाताने फिरली तर टेपची गरजच उरली नाही.

सैल निघाली तर उपाय कोणता, यावर माझं मत ठाम आहे. आधी योग्य लांबीचा शॉकअप, आणि तो बदलणं शक्य नसेल तर चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लिमिट पट्टा, म्हणजे अ‍ॅक्सलला ठरावीक जागेखाली जाऊ न देणारा पट्टा. स्प्रिंग अजून दोन सेंटिमीटर दाबलेली आहे अशा जागी अ‍ॅक्सल थांबवा, दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा आणि पट्टा त्याहून थोडा आखूड घ्या, कारण झटक्याखाली तो ताणतो. टोकं जाड कंसाला बोल्ट करा, पातळ पत्र्याला नको. पट्टा कुठल्याही धारेवर घासत नाही ना, हेही बघा. पट्ट्याने चाक कमी लोंबतं म्हणून लोक तो टाळतात. पण सैल स्प्रिंगचं चाक जमिनीला दाबतच नाही, स्वतःच्या वजनाने नुसतं टेकतं. तिथे पकड मिळत नाही, म्हणून मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. खालच्या वाटीत स्प्रिंग आवळणारा क्लॅम्प मिळतो, तो जोडीला चांगला. एकटा मात्र अपुरा, कारण खाली घट्ट धरलेली स्प्रिंग वरून सुटते आणि परत येताना वाटीच्या काठावर आपटते. वाटीत शंकूसारखा गाईड बसवला तर सुटलेली स्प्रिंग बहुधा जागेवर परत येते, तरी ती सुटूच नये यावर माझा भर.

शॉकअप आखूड ठेवून स्प्रिंगवर स्पेसर घातला तर ती लोंबताना आणखी घट्ट होते, हे खरं. पण वर दाबल्यावर वेढे एकमेकांवर टेकण्याआधी बंप स्टॉप (अ‍ॅक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) लागतो का, ते तपासा. लिफ्टनंतर पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा, चासीला जोडलेला दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि स्प्रिंग वाकडी उभी राहते. मागून बघितलं की डोळ्यालाच कळतं. अ‍ॅक्सल धरणाऱ्या लिंकच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या.

वाटी साफ करणं क्षुल्लक वाटतं, पण आपल्या काळ्या मातीत ते फार महत्त्वाचं. कपाशीच्या शेतातून गेलेली गाडी दोन दिवस उन्हात उभी राहिली की खालच्या वाटीतला चिखल विटेसारखा कडक होतो आणि स्प्रिंगचं टोक त्याच्या खाचेत न बसता वर चढून राहतं. पाण्याने भिजवा, टोकदार सळईने खरवडा, वाटीच्या तळाचं भोक मोकळं करा. वरचं रबर चिरलं असेल तर बदला. मग स्प्रिंगवरून वाटीवर पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे स्प्रिंग फिरली.

अ‍ॅक्सल लोंबलेला असतानाच ब्रेकचे पाइप आणि एबीएसची वायर ताणत नाहीत ना, तेवढं बघून घ्या. गाडीत मोठा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा, आणि जंगलातल्या वाटेसाठी वनखात्याला विचारूनच निघा.

सोबत हाय-लिफ्ट जॅक, त्याखाली ठेवायला जाड फळी, दोन रॅचेट पट्टे, लांब टॉमी (पहारीसारखी लोखंडी सळई), चाकाच्या उट्या, हातमोजे आणि शॉकअपच्या खालच्या बोल्टला लागणारा पाना असू द्या. वाटेत स्प्रिंग निघालीच तर गाडी एक फूटही पुढे नेऊ नका. उट्या लावा, चासी उचला, तिच्याखाली दगड-लाकडाचा भक्कम टेकू द्या. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला की अ‍ॅक्सल आणखी खाली येतो. आधी पूर्ण मोकळी झालेली स्प्रिंग वरच्या वाटीत घाला, मग टॉमीने खालचं टोक खाचेत सरकवा. बोटं वेढ्यांमध्ये कधीच नको. दबलेली, तिरकी अडकलेली स्प्रिंग मात्र हाताने किंवा टॉमीने उपटू नका. आधी तिच्यावरचा सगळा भार काढा.

धडगावला पोचलात की चहाआधी खाली वाकून चारही रेघा बघा. जुळत असतील तर पुढे मोलगीकडे जा. एक जरी सरकलेली दिसली तर डांबरी रस्त्याने हळूहळू शहाद्याला परत या.