कंपनीतील वित्तीय विश्लेषकाने वरिष्ठ पदाची तयारी कशी करावी

एमआयएस अहवाल (व्यवस्थापनासाठी नियमितपणे तयार होणारे आकडेवारीचे अहवाल) काही वर्षे वेळेवर आणि बिनचूक दिले की बढती आपोआप मिळेल, अशी वित्त विभागातील अनेक विश्लेषकांची समजूत असते. वस्तुतः ती कनिष्ठ पदाचीच अपेक्षा आहे. आकडा का हलला आणि त्यावर आता काय करता येईल, हे कोणी विचारण्याआधी जो सांगू शकतो, त्याचे नाव वरिष्ठ पदासाठी पुढे येते.

ही सवय बजेट आणि प्रत्यक्ष यांतील तफावतीवर काम करताना लावून घ्यावी. समजा, एका सुट्या भागाचे १०,००० नग ५०० रुपये दराने विकण्याचे बजेट होते आणि प्रत्यक्षात ९,००० नग ५३० रुपयांनी विकले गेले. विक्री ५० लाखांवरून ४७.७० लाखांवर आली. ‘विक्री २.३० लाखांनी घटली’ एवढ्यावर थांबू नये. नग कमी गेल्याने ५ लाखांची घट झाली आणि वाढीव दराने २.७० लाख भरून निघाले, हे वेगळे करून दाखवावे. आता प्रतिनग बदलता खर्च (नगांच्या संख्येनुसार वाढणारा-घटणारा खर्च) ३५० रुपये धरला, तर काँट्रिब्युशन, म्हणजे विक्रीतून हा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, १५ लाखांच्या जागी १६.२० लाख झालेले दिसते, म्हणजे विक्री घटूनही कंपनीच्या हाती अधिक उरले आहे. मात्र मागणी दरामुळे कमी झाली, की यंत्र बंद पडल्याने माल वेळेत निघाला नाही, हे एक्सेलमध्ये कळत नाही; त्यासाठी विक्री विभागाशी बोलावे आणि प्लांटमध्ये स्वतः जावे. विश्लेषक इथेच सर्वाधिक कमी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोरकास्ट देताना त्यामागची गृहीतके लिहून ठेवावीत आणि तिमाही संपल्यावर कोणते गृहीतक चुकले ते तपासावे. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीला तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि लेखापरीक्षित वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात; त्या धावपळीआधीच नफ्यातील संभाव्य घसरणीची सूचना देणाऱ्यावर सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) विसंबू लागतात. हे आकडे जाहीर होईपर्यंत बाहेर, अगदी घरीसुद्धा, बोलू नयेत. इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे कंपनीतील अप्रकाशित माहितीच्या आधारे होणाऱ्या शेअर व्यवहारांचे, नियम याबाबत कडक आहेत.

पात्रतेचा विचार करताना उत्पादन कंपनीत राहायचे असल्यास सीएमएचा (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट या पात्रतेचा) कॉस्टिंगवरील, म्हणजे उत्पादनखर्च मोजण्यावरील, भर अधिक उपयोगी पडतो. सीएफएच्या (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट या पात्रतेच्या) तीन पातळ्यांचा कल गुंतवणुकीच्या विश्लेषणाकडे आहे.

बढतीची इच्छा अप्रेझलच्या बैठकीत प्रथमच मांडू नये. निदान सहा महिने आधी वरिष्ठांना भेटून खेळते भांडवल किंवा एखाद्या प्लांटचे भांडवली खर्चाचे प्रस्ताव असा एक विषय संपूर्णपणे स्वतःकडे मागून घ्यावा, आणि त्यात ग्राहकांकडील येणे वसूल व्हायला लागणारे दिवस किती कमी झाले किंवा कोणता प्रस्ताव आपल्या विश्लेषणामुळे बदलला, याची नोंद महिन्यागणिक ठेवावी.