एका तासाला एकच चित्र: म्युझियमच्या साइटवरून चित्रकला शिकवताना

आपल्या सातारा-सांगलीच्या पोरांना मोठं म्युझियम बघायचं तर मुंबईच गाठावी लागते, म्हणून आपण नेट उघडतो आणि एका तासात भराभर चित्रं सरकवत जातो, त्यातून पोरांच्या हाताला काहीच लागत नाही. एका तासाला एकच चित्र घ्या, खरंच सांगते.

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या स्थिरचित्रासाठी मी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरचं डच चित्रकार विलेम हेडाचं १६३५ चं चित्र घेते. फुकट डाउनलोड होतं, क्वालिटी जबरदस्त. घरूनच पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा, शाळेतलं नेट ऐन तासाला दगा देतं.

टीव्हीवर आधी पूर्ण चित्र दाखवूच नका. फक्त काचेचा पेला झूम करा आणि विचारा, यात काच कुठे रंगवलीये? थोडा वेळ सगळे गप्प, मग कुणीतरी ओरडतं, बाई काच नाहीच, खिडकीचा उजेड आहे नुसता! यातच अर्धा तास जातो, जाऊ द्या. मग सोललेलं लिंबू, मग पूर्ण चित्र, आणि रंग किती कमी वापरलेत ते पोरांनाच शोधू द्या, बहुतेक सगळं करड्या-तपकिरीतच आहे.

आता टीव्ही बंद. खिडकीजवळ स्टीलचा तांब्या आणि अर्धं सोललेलं लिंबू मांडा, तांब्यात दिसणारी खिडकी काढायला सांगा, उजेडाच्या जागी कागद कोरा सोडायचा. हेडाची कॉपी करायला लावू नका, नाहीतर पोरं टीव्हीकडेच बघत बसतात आणि तांब्याकडे कुणी बघत नाही.

राजा रविवर्म्यासाठी गुगल आर्ट्स अँड कल्चर बरं पडतं, साडीच्या चुण्या आणि दागिने झूम करून दाखवता येतात. पण हे सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या सहलीच्या आधीच करा हं, कारण तिथल्या भवानी म्युझियममध्ये रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं आहेत आणि काय बघायचं ते ठाऊक असलं की पोरं चित्रासमोरून हलत नाहीत. शिवाय चित्राचा खरा आकार स्क्रीनवर कधीच कळत नाही.

प्रिंट काढून वर्गात लावायच्या असतील तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर ओपन ॲक्सेसचा फिल्टर लावून शोधा, २०१७ पासून त्यातले फोटो कुणालाही वापरता येतात. प्रिंटखाली चित्रकार, साल आणि म्युझियमचं नाव मात्र पोरांच्याच हातून लिहून घ्या, तेवढाच अक्षरलेखनाचा सराव.