डोकं चपटं येत होतं, शेवटी कसं जमलं (माझा अनुभव)

दोन वर्षं चेहरे काढतोय, पण प्रत्येक डोकं वरून कापल्यासारखं दिसायचं. मी डोळे, नाक, ओठ घोटत बसलो आणि चूक तिथे नव्हतीच. एकदा म्हापशाला घरी आजी सोप्यावर बसलेली, तेव्हा हात ताठ धरून पेन्सिलीने तिचं डोकं मापलं, तर डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोब्बर मध्यावर! मी ते कायम कपाळात चढवायचो, म्हणून वर कवटीला जागाच उरत नव्हती.

मग सुरुवातच बदलली. आधी एक गोळा, त्याच्या दोन्ही बाजू थोड्या कापायच्या, कारण कानशिलाकडे डोकं चपटं असतं, मग गोळ्याच्या मध्यावरून भुवयांची रेघ. केसांची रेघ ते भुवई, भुवई ते नाकाचा तळ, तिथून हनुवटी, हे तीन भाग साधारण सारखे. कान भुवई आणि नाकाच्या तळाच्या मध्ये, आणि बाजूने बघितलं तर डोक्याच्या मध्यरेषेच्या मागे, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती कागद वाचले असते.

मान वर-खाली झाली की या रेघा गोळ्यावरून वाकतात. ते पणजी-बेतीच्या फेरीबोटीत लोकांची झटपट स्केचेस करून हातात बसलं, तिथे कोणी मोबाईलमध्ये मान घालून तर कोणी पुलाकडे वर बघत असतो. गोव्यातल्या सांग्यात 1870 साली जन्मलेले चित्रकार अंतोनियो त्रिंदाद यांची पोर्ट्रेट्स आता बघतो तेव्हा आधी कवटीच दिसते, डोळे नंतर.