दक्षिण गोव्याची फुल डे बस टूर करताय? या चुका टाळा

मडगावहून बेतूल, काब द राम, आगोंद करत पाळोळेला जाणारा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे माझ्या मते गोव्यातला सगळ्यात देखणा रस्ता. आमच्याकडे पाव्हणे आले की मी त्यांना हीच टूर सुचवते. पण बरेच जण संध्याकाळी वैतागून परत येतात, आणि खोदून विचारलं की कळतं, गडबड बुकिंगलाच झालेली असते.

नुसता रेट विचारून पैसे भरू नका. जाहिरातीत ठिकाणांची मोठी यादी असते पण त्यातली काही चालत्या बसमधूनच दाखवतात, त्यामुळे कुठे खाली उतरवणार, किती मिनिटं थांबणार आणि पिकअप कुठून कुठून आहे हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तुम्ही बागा-कळंगुटला उतरला असाल तर मडगाव पन्नासेक किलोमीटर पडतं, वाटेत हॉटेल हॉटेल करत माणसं गोळा करण्यातच सकाळ जाते, अशा वेळी आदल्या रात्री मडगाव किंवा कोलव्यालाच मुक्काम केलेला बरा. एखादा स्टॉप गाळला तर तो मेसेज गाईडला तिथल्या तिथे दाखवा, बस पुढे गेल्यावर भांडून काही होत नाही.

काब द रामच्या किल्ल्याला अर्धा तास देत असतील तर मी म्हणेन दुसरी टूर बघा. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी लोकांची श्रद्धा आहे, पुढे किल्ला सोंदे संस्थानच्या राजांकडून पोर्तुगिजांकडे गेला, आत आजही पांढरं चॅपल आहे. गेटमधून आत शिरलं की जांभ्या दगडाची तटबंदी, गंजलेल्या तोफा, आणि पार पुढे बुरुजावर गेलं की खाली थेट समुद्र. तिथवर निवांत चालत जाऊन यायला तासभर हवाच.

आता सीट. जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असतो, आणि सकाळचं ऊन डावीकडून येतं, म्हणजे उजवी खिडकी मिळाली की समुद्रही दिसतो आणि सावलीही मिळते. ‘येताना बसू तिकडे’ असं म्हणू नका कारण परतीला बऱ्याच बस हायवेने करमल घाटातून येतात, तिथे समुद्र नाहीच.

त्याच घाटात उलट्या होतात. ज्यांना बस लागते त्यांनी गोळी बस सुटायच्या आधी अर्धा तास घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. पुढच्या सीटवर बसा, मोबाईल खाली ठेवा, समोर रस्त्याकडे बघा. लहान मुलांना कुठली गोळी द्यायची ते डॉक्टरांना विचारूनच.

जेवायला मेनू बघत बसू नका, फिश थाळी सांगा, पटकन येते. नाहीतर फ्राय येईपर्यंत गाईड हाका मारायला लागतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजं काय आहे विचारून घ्या.

पाण्यात उतरायचं तर लाल झेंडा बघा, तो असेल तर गुडघाभर पाण्यातसुद्धा नको, आणि पावसाळ्यात तर अजिबातच नाही. दारू पिऊन समुद्रात जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते. बीचवर उघड्यावर पिणंही बेकायदेशीर आहे, दंड होतो. एक जोडी सुके कपडे बसमध्ये ठेवा, ओल्या अंगाने एसीत बसून मुलं हमखास शिंकायला लागतात.

उतरताना बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि गाईडचा नंबर घरातल्या दोघांकडे तरी सेव्ह असू दे, कारण पाळोळेच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या बस सगळ्या सारख्याच दिसतात. चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, जिथे उतरलात तिथेच थांबून फोन करा. आणि त्याच रात्रीची ट्रेन बुक करू नका, येताना ट्रॅफिक लागलं तर मडगावला किती वाजता पोचाल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही.