तिखट, उग्र, खवट: चवी-वासाचे शब्द वापरताना या चुका टाळा

पाककृती तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माप चुकलं तर दुरुस्त करता येतं, वेळ लिहायची राहिली असेल तर विचारून घेता येते. पण चवीचा शब्द चुकला की वाचणाऱ्याची फसगत होते. आपला पदार्थ जमला की बिघडला, हे तो त्या शब्दावरूनच ठरवत असतो. मराठीत या शब्दांची कमी नाही. तरीही त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळंच ‘झणझणीत’

मिसळीचा कट झणझणीत, ठेचा झणझणीत, इथवर ठीक. पण मोहरी फेसून लावलेली केळ्याची कोशिंबीर झणझणीत, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं झणझणीत आणि सुंठेचा काढाही झणझणीत?

मिरची जिभेला झोंबते, ओठ चुरचुरतात आणि ती आग रेंगाळते. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून पोळल्यासारखं वाटतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दह्या-दुधाने होतो. मोहरीचं तसं नाही. ती थेट नाकात चढते, डोळ्यांत टचकन पाणी आणते आणि लगेच ओसरते. तिरफळ तर झोंबतच नाही, ते जिभेला मुंग्या आणतं, शेंडा बधिर करतं.

हा फरक लिहिला नाही की काय होतं? ‘मोहरी घातली, पण कोशिंबीर झणझणीत झाली नाही, म्हणून दोन मिरच्या वाढवल्या’, असं मला नेहमी कोणीतरी सांगतं. मिरच्या वाढवून मोहरी चढत नाही हो! मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि तेव्हा कुठे तो झणका निर्माण होतो. उष्णतेने ते एन्झाइम मरतं. फोडणीतली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, ती यामुळेच.

मी मोहरीची पूड वाटीत घेते, गार पाण्याचा हबका मारते आणि चमच्याने फेसत राहते. जरा थांबायचं, हुंगायचं. नाकात गेली की झाली. घाई असलेली मंडळी गरम पाणी ओतून मिक्सर फिरवतात आणि हाती येतो कडवट लगदा. नव्याने शिकणाऱ्यांना पाच मिनिटं फेसायचाही धीर नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. लिहिताना ‘मोहरी चढेपर्यंत फेसा’ एवढंच लिहा. त्यात कृतीही आली आणि खूणही.

कटु म्हणजे कडू नव्हे

ही चूक दिसली की मला राहवत नाही. एका आरोग्यविषयक पुरवणीसाठी षड्रसांचा, म्हणजे आयुर्वेदातल्या सहा चवींचा, तक्ता आला होता. ‘कटु’च्या रकान्यात कारलं, मेथी, कडुनिंब. ‘तिक्त’च्या रकान्यात मिरची, मिरे, आलं. बरोबर उलटं! लेखकांना फोन केला, तर म्हणाले, ‘अहो ताई, कटु म्हणजे कडू आणि तिक्त म्हणजे तिखट, यात विचारायचं काय?’ मी त्यांना त्रिकटु चूर्णाची आठवण करून दिली. सुंठ, मिरे, पिंपळी. यातलं कडू काय आहे? त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण अंक छपाईला जायची घाई होती आणि तक्ता तसाच गेला.

पुढे एका आजींचं पत्र आलं. पित्ताचा त्रास असल्यामुळे वैद्यांनी त्यांना कटु रस कमी करायला सांगितला होता. तक्ता वाचून त्यांनी कारलं आणि मेथी बंद केली, ठेचा मात्र चालूच ठेवला. आयुर्वेदाच्या हिशोबाने कटु रस पित्त वाढवतो आणि तिक्त रस ते शमवतो. म्हणजे आजींनी नेमकं नको ते केलं, आणि तेही छापील शब्दावर विश्वास ठेवून.

आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीतला ‘कडू’ आला कटुपासूनच, पण वाटेत त्याचा अर्थ बदलला. ‘तिखट’ आला तीक्ष्णपासून, तिक्तापासून नव्हे. षड्रसांवर काहीही आलं की मी प्रत्येक रसापुढे एकेक पदार्थ लिहून मागते. तिथेच चूक उघडी पडते.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनीही जपावं. तिकडचं ‘कड़वा तेल’ म्हणजे मोहरीचं तेल. त्याचं ‘कडू तेल’ केलंत, तर आपल्या वाचकाला करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल आठवेल, आणि ती तेलं खाण्याची नव्हेत.

‘उग्र वास येतोय, काय करू?’

एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. हिंग उग्र असतो, लसूण उग्र असते, त्यात बिघडलेलं काही नाही. गोड्या मसाल्याला ‘उग्र’ वास येतो म्हणून विचारणाऱ्यांचा मसाला बहुतेक वेळा खवट झालेला असतो. त्यात सुकं खोबरं असतं, तीळ असतात. त्यांतलं तेल हवा लागून बिघडलं की खवटपणा येतो आणि तो पुन्हा भाजून जात नाही. मसाला टाकून द्या. मी मसाला करण्याआधी खोबऱ्याच्या प्रत्येक वाटीचा कोपरा चावून बघते, नुसतं हुंगून भागत नाही.

कुबट वास वेगळा, तो ओल धरल्याचा. डाळ-तांदळाला नुसती दमट हवा लागली असेल तर ऊन दाखवून चालतं, बुरशी दिसली तर ठेवू नका. वाटणाचा वास कच्चट असेल तर परतायला कमी पडलंय. करपट असेल तर वरवरचं दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका.

आणखी थोडं

खाट, खकाणा आणि ठसका एक नव्हेत. तव्यावर मिरची भाजताना उठते ती खाट, डंकावर कुटताना उडतो तो खकाणा, आणि या दोन्हींनी आपल्याला लागतो तो ठसका.

बिर्याणीला ‘सुगंध’ नको. घमघमाट म्हणा, दरवळ म्हणा. सुगंध फुलांना आणि अत्तराला राहू द्या.

आवळ्याला नुसतं आंबट म्हणू नका, तुरटपणा हीच त्याची ओळख आहे.

‘भन्नाट’ आणि ‘लाजवाब’ मी सरळ खोडते. त्यातून चव कळत नाही.

सुरण किंवा अळू घशाला लागलं तर ते ‘तिखट’ नव्हे, ते खवखवतं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, आणि पाककृतीत आंबट ‘आवडीप्रमाणे’ असं लिहू नका, ‘घालायचंच’ असं लिहा.