शेतातल्या पाऊलवाटा: या चुका टाळा

बॉस्टनच्या उत्तरेला, इप्सविच आणि हॅमिल्टन या गावांच्या शिवेवर ॲपलटन फार्म्स आहे. 1630च्या दशकापासून इथे शेती चालू आहे. एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली ही जमीन आता 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' ही 1891 साली सुरू झालेली संस्था राखते. गावाकडे दुसऱ्याच्या वावरातून जाताना आपण मुकाट बांध धरून चालतो. इथे पार्किंग आणि नकाशा दिसला, की बागेत आल्यासारखे सुटतो.

फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी शिस्त म्हणून एक उघडं फाटक लावून घेतलं. दहा पावलांवर स्वतःच थबकले. "अरे, जनावरं पाण्याला जाणार कुठून?" मग मागे फिरून उघडून आले. कुंपणाची पांढरी बारीक पट्टी दिसली तर हात लावू नका, आपल्याकडच्या झटका मशीनचाच प्रकार आहे तो.

फोटोसाठी उंच गवतात शिरणं ही सगळ्यांची आवडती चूक. मे ते जुलै तिथे बॉबोलिंक पक्ष्याची घरटी जमिनीवरच असतात. थेट दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा तो! कुत्र्याचे नियमही शेतात वेगळे, पलीकडच्या रानात वेगळे. पाटी वाचा.

त्या गवतात शिरण्याची शिक्षा म्हणजे गोचीड. इथली हरणावरची गोचीड पिल्लू असताना खसखशीएवढी असते आणि तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. फिकट रंगाची पँट घाला आणि ती मोज्यात खोचा, दिसेना का गबाळं. घरी आल्यावर कपडे धुण्याआधीच ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक तापवा. नुसत्या धुण्याने ती मरेलच असं नाही. गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर तेल, व्हॅसलीन, काडेपेटी यांतलं काही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. जितकी लवकर निघेल तितकं बरं, कारण रोग लागायला बहुधा ती दिवसभराहून जास्त चिकटून राहावी लागते. नंतर काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना चावल्याची तारीख सांगा.

तीन पानांची चकचकीत वेल म्हणजे पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की खाज आणि पुरळ उठवणारी. लागली तर लगेच साबणाने धुवा.

वाट चुकते ती ग्रास राइड्समध्ये. घोडेस्वारीसाठी काढलेल्या या गवताळ वाटा एका चौकात चाकाच्या आऱ्यांसारख्या येऊन मिळतात. चौकात हार्वर्डच्या पाडलेल्या ग्रंथालयाचा दगडी कळस उभा आहे. त्याला एक फेरी मारली, की सगळ्या वाटा सारख्याच. म्हणून चौकात पोचल्याबरोबर, कळसाकडे जाण्याआधी, मागे वळून आलो त्या वाटेचा फोटो काढून ठेवा.